चारही चाके ओढतात, थांबवायचे कोणी?



एक जुनी मोटार स्वस्तात मिळाली आहे आणि तिच्याच जातीची दुसरी मोटार भंगारात गंजत पडली आहे. अशा वेळी दोहोंची मिळून तिसरी करावी, असा विचार ज्याच्या मनात येत नाही, त्याच्या हाती पाना देऊ नये, असे मला वाटते. पण हा विचार मनात आल्यावर जो लगेच पाना उचलतो आणि कागद-पेन्सिल उचलत नाही, त्याच्या हातीही तो देऊ नये. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या दुसऱ्या माणसाविषयी.

युरोपात, विशेषतः जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इंग्लंडमध्ये, हौशी मंडळींचा एक आवडता उद्योग आहे. फोक्सवॅगन गोल्फ ही छोटी हॅचबॅक मोटार, म्हणजे मागचा दरवाजा काचेसकट वर उघडणारी गाडी, तुम्ही चित्रात तरी पाहिली असेल. तिची दुसरी पिढी १९८३ ते १९९२ या काळात तयार झाली. बहुतेक गाड्यांत इंजिन पुढे आडवे बसवलेले आणि जोरही फक्त पुढच्या दोन चाकांना. मागची चाके बिचारी नुसती ओढली जातात. १९८६ मध्ये मात्र याच गोल्फचा ‘सिंक्रो’ नावाचा एक प्रकार निघाला. त्यात इंजिनाचा जोर गरजेप्रमाणे मागच्या चाकांनाही मिळे. त्या प्रदेशात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो हे तुम्ही शिकला आहातच. त्याच मिठाने मोटारीचा पत्राही कुरतडला जातो. त्यामुळे अनेक सिंक्रो गाड्यांचे अंग सडले, पण पोटातली पोलादी दंतचक्रे तेलात बुडालेली असल्याने शाबूत राहिली. मग हौशी माणूस अशा सडलेल्या गाडीचे पोट काढतो आणि धडधाकट अंगाच्या साध्या गोल्फला बसवतो. झाली चार चाकांनी चालणारी गाडी!

माझे मत आधीच सांगून टाकतो. हे काम शिकण्यासाठी इतके उत्तम आहे की त्याला दुसरी जोड सापडणे कठीण. पण ‘बर्फात सुरक्षित गाडी हवी’ म्हणून जो हे करतो, त्याचा हिशेब चुकलेला असतो. कसा ते पाहू.

चढण्याचे गणित

चालकासह गाडीचे वस्तुमान अंदाजे १००० किलोग्रॅम धरा. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असल्याने त्यातला ६०० किलोग्रॅमचा भार पुढच्या चाकांवर आणि ४०० चा मागच्या चाकांवर आहे असे समजू. गुळगुळीत, घट्ट बसलेल्या बर्फावर साध्या टायरचा घर्षणांक ०.१ धरू. आता पुढची चाके जास्तीत जास्त किती जोराने गाडी ओढू शकतील? ६०० गुणिले ९.८ गुणिले ०.१, म्हणजे सुमारे ५८८ न्यूटन. यापेक्षा जास्त जोर इंजिनाने लावला तर चाके जागच्या जागी गरगरतील. चारही चाके ओढू लागली तर हाच आकडा ९८० न्यूटन होतो.

चढावर गाडीचे वजन तिला मागे खेचते. शंभर मीटर अंतर जाताना सहा मीटर उंची गाठणारा चढ असेल, तर हे मागे खेचणे वजनाच्या जवळजवळ सहा टक्के असते, म्हणजे पुन्हा ५८८ न्यूटनच. याचा अर्थ असा की दोन चाकांची गाडी शंभराला सहाच्या चढावर अडकेल आणि चार चाकांची गाडी शंभराला दहापर्यंत चढेल. (चढावर थोडा भार मागच्या चाकांकडे सरकतो, त्यामुळे पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचे खरे उत्तर सहापेक्षा किंचित कमी येते. तो हिशेब वरच्या वर्गातल्यांनी करून पाहावा.)

इथवर सगळे हौशी माणसाच्या बाजूने आहे. सहा आणि दहा यांत बराच फरक आहे, आणि डोंगराळ खेड्यात राहणाऱ्याला तो रोज जाणवतो. १९८३ मध्ये इटलीतील फियाट कारखान्याने आपल्या चिमुकल्या पांडा गाडीला चार चाकांची जोड दिली, ती याच कारणाने. तिची यंत्रणा ऑस्ट्रियाच्या स्टायर-पुख कारखान्याने तयार केली होती. आल्प्सच्या चढांवर ती गाडी इतकी लोकप्रिय झाली की तिच्यातल्या कित्येक अजूनही तिथे धावताना दिसतात. त्याही आधी, १९६० च्या सुमारास, फ्रान्सच्या सिट्रोएनने तर गंमतच केली. आपल्या टू-सीव्ही गाडीत त्यांनी चक्क दोन इंजिने बसवली, एक पुढे आणि एक मागे, प्रत्येकी ४२५ सीसीचे. पुढचे इंजिन पुढची चाके फिरवी, मागचे मागची. पेट्रोलच्या टाक्याही दोन, पुढच्या आसनांखाली. आणि पेट्रोल भरण्याची तोंडे दारांना पाडलेल्या भोकांतून बाहेर काढलेली. एक इंजिन बंद पडले तर दुसऱ्यावर घरी येता येई. अशा गाड्या सातशेदेखील निघाल्या नाहीत. पण लांब दांडा, जोडगिअर यांच्या भानगडीत न पडता प्रश्न सोडवण्याची ही रीत मला फार आवडते. चांगल्या अभियंत्याची एक खूण अशी की तो कधी कधी प्रश्नालाच वळसा घालतो.

पोटातली भानगड

आता आपल्या गोल्फकडे परत येऊ. साध्या गोल्फच्या मागच्या बाजूला एक पीळ सोसणारी आडवी तुळई असते आणि तिच्या दोन टोकांना दोन चाके. सिंक्रोच्या मागे मात्र गिअरची पेटी, दोन्ही बाजूंना चाके फिरवणारे दांडे आणि चाकांना धरणारे वेगळे हात असतात. हे सगळे मावण्यासाठी कारखान्याने गाडीचा मागचा तळच निराळा केला होता. सामान ठेवण्याच्या जागेचा तळ वर उचलावा लागला होता. तेव्हा नुसते बोल्ट काढून बोल्ट लावण्याचे हे काम नव्हे. हौशी माणसाला सडक्या गाडीचा मागचा तळ कापून चांगल्या गाडीला वेल्ड करावा लागतो, किंवा नव्याने आधार तयार करावे लागतात. अशा गाडीला वेगळी चौकट नसते, पत्र्याचे अंग हीच तिची चौकट. म्हणजे तळ कापणे म्हणजे तिचा कणा कापणेच झाले. माणसाच्या कण्यावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आधी मोजमाप करतो. इथेही आडवे, तिरपे अंतर मिलिमीटरपर्यंत मोजले नाही, तर गाडी पुढे सरळ आणि मागे तिरकी अशी खेकड्यासारखी चालते.

मग पुढून मागे जाणारा लांब दांडा येतो. त्याची लांबी कमीजास्त करावी लागली तर नुसता कापून जोडला, असे चालत नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाताना असा दांडा मिनिटाला सुमारे १८०० फेरे घेईल. त्याच्या एका बाजूला, मध्यापासून चार सेंटिमीटरवर, वेल्डिंगचा दहा ग्रॅमचा डाग जास्त पडला, तर किती जोराचा हिसका बसेल? वस्तुमान गुणिले कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या हे सूत्र वापरा. उत्तर सुमारे १४ न्यूटन येते, म्हणजे दीड किलोच्या वजनाला थोडेसे कमी, आणि हा हिसका सेकंदाला तीस वेळा, तासन् तास. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर! बेअरिंगे का खलास होतात ते आता वेगळे सांगायला नको.

पण या सर्वांहून मौजेची आणि महत्त्वाची गोष्ट आहे गिअरच्या गुणोत्तराची. तुमच्या पुस्तकात ते एका सूत्रात संपते, आणि तुम्ही पाच गुण मिळवून त्याला रामराम ठोकता.

पुढच्या गिअरबॉक्सपाशी एक कोनी गिअरांची जोडी लांब दांड्याला चाकांपेक्षा जास्त वेगाने फिरवते. मागची जोडी तो वेग पुन्हा कमी करते. जितका वाढवला तितकाच कमी केला पाहिजे. आता समजा, पुढचा भाग एका भंगारातून आला आणि तो वेग १.७ पट करतो. मागचा भाग दुसऱ्या भंगारातून आला आणि तो १.६ ने भागतो. (हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत.) दोन्ही भाग नीट बसले, तेल भरले, गाडी हलली, मित्रांनी टाळ्या वाजवल्या. पण ताशी ६० किलोमीटरवर काय होते ते पाहा. टायरचा परीघ १.८ मीटर असेल तर चाके मिनिटाला सुमारे ५५६ फेरे घेतात. लांब दांडा पुढून ९४४ फेऱ्यांनी फिरवला जातो, तर मागची चाके त्याला ८८९ फेऱ्यांनी फिरवू पाहतात. मिनिटाला पंचावन्न फेऱ्यांचे भांडण! हे भांडण कुठे तरी मिटलेच पाहिजे.

ते मिटते मधल्या जोडणीत. सिंक्रो गाडीत या जोडणीचे एक बंद डबे असते. त्यात भोके पाडलेल्या पातळ चकत्यांची चळत असते: एक पुढच्या दांड्याला जोडलेली, पुढची मागच्याला, पुन्हा एक पुढच्याला, अशी. चकत्या एकमेकींना टेकलेल्या नसतात. मधल्या फटींत घट्टसर सिलिकोन तेल असते. दोन्ही बाजू सारख्या वेगाने फिरल्या तर तेल शांत. एक बाजू जास्त जोरात फिरू लागली की तेल ताणले जाते आणि दुसऱ्या बाजूला सोबत ओढते. पुढची चाके बर्फावर गरगरली की मागच्यांना आपोआप जोर मिळतो. चालकाला काहीच करावे लागत नाही. मधात चमचा फिरवताना वाटी फिरू लागते, तोच हा प्रकार.

ही युक्ती सुंदर आहे, पण ती क्षणभराच्या फरकासाठी आहे. आपल्या चुकलेल्या गाडीत फरक कायमचा आहे. समजा, त्या फरकात जोडणी १०० न्यूटन-मीटर एवढा पीळ देते. पीळ गुणिले कोनीय वेगातला फरक केले की सुमारे ५८० वॅट येतात. म्हणजे लहानशा इस्त्रीइतकी उष्णता, त्या बंद डब्यात, सरळ कोरड्या रस्त्यावर, सतत! तेल तापते, फुगते, आणि काही दिवसांत जोडणी निकामी होते. मग हौशी माणूस म्हणतो, ‘भंगारातला माल खराब निघाला.’ माल बरा होता. भागाकार केलेला नव्हता.

तुम्ही म्हणाल, दोन्ही भाग एकाच गाडीतून घेतले की झाले. बरोबर आहे, पण पुरते नाही. नव्या टायरच्या खाचा साधारण आठ मिलिमीटर खोल असतात, झिजलेल्याच्या दोन. त्रिज्येत सहा मिलिमीटरचा फरक पडला. त्रिज्या २९० मिलिमीटर असेल तर हा फरक दोन टक्के होतो. पुढे नवे आणि मागे जुने टायर लावणारा माणूस नकळत गुणोत्तरच बदलत असतो.

आणि वळणाचे काय? त्यासाठी एक प्रयोग करा. सायकलची दोन्ही चाके पाण्याने ओली करून कोरड्या सिमेंटवर एक गोल चक्कर मारा आणि खाली उतरून ओल्या रेघा पाहा. पुढच्या चाकाची रेघ बाहेरून जाते, मागच्याची आतून. म्हणजे पुढचे चाक जास्त अंतर चालले. मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असेल आणि मागची चाके पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असतील, तर पायथागोरसच्या प्रमेयाने पुढच्यांची त्रिज्या सुमारे ५.६ मीटर येते. बारा टक्के फरक! पांडा गाडीत अशी तेलाची जोडणी नव्हती. मागची चाके चालकाने दांडी ओढून जोडायची असत. म्हणून ती जोडणी निसरड्या रस्त्यापुरतीच ठेवायची असे. कोरड्या रस्त्यावर जोडली की वळताना चाकांना घसरण्याशिवाय मार्ग उरत नाही आणि सगळी यंत्रणा पिळवटून निघते.

छोटीशी कळ

आणखी एक बारकावा सांगतो, कारण भंगारातून वस्तू उचलणारा नेमका इथे फसतो. ब्रेक लावताना पुढची चाके अडखळली तर जोडणीतून मागचीही अडखळू नयेत, म्हणून सिंक्रोच्या मागच्या गिअरपेटीत सायकलच्या फ्रीव्हीलसारखी योजना केलेली होती. पुढून जोर आला तर मागची चाके फिरतात. चाके दांड्यापेक्षा पुढे धावू लागली तर सुटून मोकळी होतात. पण फ्रीव्हील उलट्या दिशेने जोर देत नाही. सायकल मागे ढकलून पाहा, पायडलेही उलटी फिरतात. पण पायडले उलटी मारून सायकल मागे जाते का? म्हणून गाडी रिव्हर्समध्ये टाकली की ते फ्रीव्हील बांधून टाकणारी एक वेगळी कळ कारखान्याने दिली होती. ती जोडायची राहिली तर गाडी पुढे जाताना चार चाकांची आणि मागे येताना दोन चाकांची! बर्फाच्या खड्ड्यातून बाहेर पडायला माणूस बहुधा रिव्हर्सच टाकतो.

तयार वस्तूतली प्रत्येक छोटी कळ हे कुणीतरी कधीतरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. वस्तू उचलताना आपण उत्तर घेतो आणि प्रश्न भंगारातच टाकून येतो. आपल्याकडे ‘जुगाड’ या शब्दाचे हल्ली फार कौतुक चालते. मला ते कौतुक निम्मेच मान्य आहे. अडलेल्या शेतकऱ्याने पंपाच्या इंजिनावर गाडा चालवला, त्याच्या बुद्धीला मी नमस्कार करतो. पण त्या गाड्याला ब्रेक कसले, असे विचारले की कौतुक करणारे गप्प बसतात.

उतरण्याचे गणित

आता मूळ मुद्दा. आपली गाडी यशस्वी झाली, गुणोत्तरे जुळली, कळही जोडली. बर्फाळ रस्ता, शंभराला आठ असा चढ. शेजाऱ्याची साधी गाडी पायथ्याशीच गरगरून थांबली. आपली मात्र दिमाखात वर गेली. वर गेलेल्याला खाली यावे लागते.

ब्रेक लावताना कोणाची किती चाके ओढतात याला काही अर्थ नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. तिथे चालते ते फक्त टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण, आणि ते दोन्ही गाड्यांना सारखेच. सपाट बर्फावर ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारी गाडी ०.१ घर्षणांकावर थांबायला सुमारे ५१ मीटर घेते. कोरड्या डांबरावर हाच आकडा सात-साडेसात मीटर असतो. आता शंभराला आठचा उतार धरा. घर्षण ०.१ ने मागे ओढते, उतार ०.०८ ने पुढे ढकलतो. थांबवायला उरले ०.०२. अंतर काढा: २५५ मीटर! चारही चाकांची पकड पुरेपूर वापरली, असे धरूनही पाव किलोमीटर. खाली वळण असेल, मुले शाळेत चालली असतील, तर?

शेजारी पायथ्याशीच अडकला होता. त्याच्या गाडीने त्याला वेळीच सांगितले होते की आज रस्ता वाईट आहे. आपल्या गाडीने ते सांगितलेच नाही. चढताना पुरेपूर मिळालेला विश्वास तिने उतारावर एकदम काढून घेतला.

आता दुसरा मार्ग पाहा. गाडी साधीच, पण टायर खास हिवाळ्याचे: थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराचे, बारीक चिरा असलेले. त्यांनी घर्षणांक ०.२ झाला असे समजा. पुढच्या दोन चाकांनी ती गाडी किती चढेल? ०.६ गुणिले ०.२, म्हणजे शंभराला बारा! साधे टायर आणि चार चाके यांची मर्यादा दहा होती. आणि तोच आठचा उतार उतरताना थांबायचे अंतर २५५ ऐवजी ४३ मीटर. ना वेल्डिंग, ना शंभरेक किलो पोलादाचे जादा ओझे.

जे हे ऐकूनही चार चाकांचीच गाडी करतात, त्यांच्याशी माझे भांडण नाही. चांगले टायर आणि चार चाके दोन्ही असली तर ती गाडी खरोखर उत्तम. माझे भांडण आहे क्रमाशी. आधी टायर, मग ब्रेक, मग ओढणे. १९६६ साली इंग्लंडमध्ये जेन्सन एफएफ नावाची महागडी गाडी निघाली. रस्त्यावर चालवण्यासाठी कारखान्यात तयार झालेली ती चार चाकांच्या जोराची पहिल्या काही मोटारींपैकी एक. तिच्या कर्त्यांनी तिला त्याच वेळी, चाके अडकून घसरू न देणारे ब्रेकही बसवले. ते तंत्र मुळात विमानांसाठी तयार झालेले होते. पळवण्याची ताकद वाढवताना थांबवण्याची वाढवावी, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही. हौशी कारागीर मात्र मागची तुळई काढतो तेव्हा काही गाड्यांत तिलाच जोडलेली, मागच्या ब्रेकचा दाब भाराप्रमाणे कमीजास्त करणारी लहानशी झडपही काढून ठेवतो, आणि ती फळीवर राहून जाते.

जर्मनीत अशी बदललेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी तांत्रिक तपासणी करून तो बदल कागदपत्रांत नोंदवावा लागतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायला मालकाला मनाई आहे. तेव्हा कोकणातल्या शेवाळलेल्या लाल चढावर मामांची गाडी घसरते म्हणून तुम्ही सुट्टीत असा उद्योग आरंभू नका. टायरच्या खाचा मात्र नाण्याची कड घालून अवश्य तपासा आणि कमी भरल्या तर मामांना सांगा. ते रागावतील, सांगा तरीही.

शिक्षकांना विनंती

अशी गाडी आपल्याला करता येत नसली तरी तिच्यातले शिक्षण आपल्याला भंगाराच्या भावात मिळू शकते. माझी तक्रार आहे ती आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटाविषयी. त्यात काचेच्या चंबूंची रांग असते, भिंतीवर डिफरन्शिअलचा रंगीत तक्ता असतो, पण एकही खरे दंतचक्र नसते. ज्या मुलाने आयुष्यात एकदाही गिअरचे दात मोजले नाहीत, त्याला आपण दातांचे गुणोत्तर विचारतो, आणि उत्तर आले नाही की गणित कच्चे म्हणतो.

जवळच्या भंगारवाल्याकडे जुन्या जीपचा किंवा मालवाहू टेम्पोचा मागचा डिफरन्शिअल बहुधा सापडतो. दोघांनी उचलावा, जड असतो. मुलांसमोर येण्यापूर्वी शिक्षकांनी आणि ओळखीच्या मेकॅनिकने तो उघड्यावर, विस्तवापासून दूर, रॉकेलने धुऊन काढावा, जाडजूड लाकडी घोडीवर पक्का बांधावा आणि दातांत बोटे जाणार नाहीत अशी जाळी लावावी. तिन्ही तोंडांवर खडूने एकेक खूण करावी.

मग वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाला सांगा, दोन्ही बाजूंच्या टोकांना सारखे फिरू द्या आणि मधला दांडा किती फेरे फिरवला म्हणजे टोकांचा एक फेरा होतो ते मोजा. दुसऱ्या गटाला सांगा, एक टोक घट्ट धरा आणि दुसऱ्याचे मोजा. पहिला गट समजा ‘चार’ म्हणेल. दुसरा तितक्याच खात्रीने ‘दोन’ म्हणेल. दोन्ही गटांनी बरोबर मोजलेले असेल. असे का झाले ते त्या दिवशी सांगू नका. पुढच्या आठवड्याच्या तासापर्यंत त्यांना भांडू द्या.